विद्यापीठात संगणक आणि ईमेल सुरक्षितपणे कसे वापरावेत

'अनोळखी माणसाचा ईमेल उघडू नये' हा सल्ला संगणक-सुरक्षेच्या बहुतेक पत्रकांत अगदी वर छापलेला असतो. विद्यापीठात तो पाळणे अशक्य आहे. प्रवेशाची चौकशी करणारा विद्यार्थी, परीक्षणासाठी शोधनिबंध पाठवणारा संपादक, परिषदेचे निमंत्रण देणारा आयोजक, आपल्या विषयातील डेटा मागणारी दूरच्या देशातील संशोधिका, हे सारे अनोळखीच असतात. त्यांचे ईमेल उघडणे आणि त्यांनी जोडलेली फाइल वाचणे हे अध्यापकाचे रोजचे काम असते. विद्यार्थ्यांचेही तसेच आहे. पहिल्या सत्रात त्यांना ग्रंथालय, वसतिगृह, परीक्षा विभाग किंवा शिष्यवृत्ती कक्ष यांपैकी कोणाचाही खरा पत्ता ओळखीचा नसतो. म्हणून माणसे पारखण्याच्या कौशल्यावर विसंबून न राहता, समोरचा खोटा निघाला तरी नुकसान होणार नाही, किंवा झाले तरी आटोक्यात राहील, अशी कामाची पद्धत बसवावी लागते. पुढील पायऱ्या त्याच हेतूने मांडल्या आहेत: आधी खाते, मग ईमेल, मग संगणक आणि साठवलेले काम, त्यानंतर चूक घडल्यावर करायच्या गोष्टी आणि शेवटी विद्यापीठ सोडतानाची आवराआवर.

विद्यापीठाचे खाते चोरून कोणाला काय मिळणार, अशी शंका अनेकांना असते. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने नऊ इराणी नागरिकांवर आरोपपत्र दाखल केले. त्यातील आरोपानुसार अमेरिकेतील १४४ आणि इतर २१ देशांतील १७६ विद्यापीठे या मोहिमेचे लक्ष्य होती. सुमारे एक लाख प्राध्यापकांच्या खात्यांवर नेम धरण्यात आला, त्यांपैकी सुमारे ८,००० खाती हाती लागली आणि ३१ टेराबाइटहून अधिक शैक्षणिक मजकूर पळवला गेला. यासाठी पाठवलेल्या ईमेलमध्ये लॉटरी नव्हती आणि धमकीही नव्हती. दुसऱ्या एखाद्या विद्यापीठातील प्राध्यापकाच्या नावाने, 'आपला लेख वाचला, याच विषयावरील आपले आणखी लेख हवे आहेत' अशा अर्थाचा मजकूर येई आणि त्यातील लिंक उघडली की आपल्याच विद्यापीठाच्या लॉगिन पानाची नक्कल समोर येई. विद्वानांना पैशांपेक्षा कौतुकाने लवकर भुलवता येते, हे हल्लेखोरांनी अचूक ओळखले होते. चोरलेल्या एका पासवर्डने ग्रंथालयाची महागडी नियतकालिके, अप्रकाशित संशोधन, गुणांच्या नोंदी, पगाराचा तपशील आणि सहकाऱ्यांशी झालेला वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार असे सारेच उघडे पडू शकते. शिवाय त्या खात्यातून पुढचा ईमेल पाठवला, की तो विद्यापीठाच्या खऱ्या पत्त्यावरून आलेला असतो.

पहिली पायरी: खाते पक्के करणे

सर्वांत आधी विद्यापीठाच्या खात्याचा पासवर्ड इतर कुठेही वापरलेला नाही, याची खात्री करावी. परिषदांच्या नोंदणीसाठी, नियतकालिकांना लेख सादर करण्यासाठी किंवा एखादे सॉफ्टवेअर उतरवून घेण्यासाठी आपण डझनावारी संकेतस्थळांवर विद्यापीठाच्याच ईमेल पत्त्याने खाती उघडतो आणि सवयीने तोच पासवर्ड देतो. अशा एखाद्या लहानशा संकेतस्थळावरील यादी फुटली की पत्ता आणि पासवर्ड यांची जोडी विद्यापीठाच्या लॉगिन पानावर आपोआप वापरून पाहिली जाते, आणि त्यात विद्यापीठाच्या यंत्रणेची काहीही चूक नसते. पासवर्डचा अंदाज बांधण्याचा प्रकारही जुनाच आहे. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर सोडलेला 'वर्म' (स्वतःच्या प्रती करत एका संगणकातून दुसऱ्यात पसरणारा प्रोग्रॅम) इतर युक्त्यांबरोबर ४३२ नेहमीच्या शब्दांची यादीही पासवर्ड म्हणून वापरून पाहत असे. आजच्या याद्यांत कोट्यवधी फुटलेले पासवर्ड असतात. नाव, जन्मवर्ष, विभागाचे आद्याक्षर आणि शेवटी उद्गारचिन्ह ही रचना त्या याद्यांना तोंडपाठ आहे.

इतके वेगवेगळे पासवर्ड लक्षात ठेवणे कोणालाही शक्य नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये. पासवर्ड मॅनेजर (सारे पासवर्ड सुरक्षित जपून ठेवणारा प्रोग्रॅम) वापरावा, त्याच्याकडून प्रत्येक संकेतस्थळासाठी लांब आणि अर्थहीन पासवर्ड बनवून घ्यावा, आणि स्वतः फक्त त्या मॅनेजरचा मुख्य पासवर्ड पाठ करावा. हा मुख्य पासवर्ड एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-पाच शब्दांचा असावा. असे शब्द लक्षात राहतात, टंकित करता येतात आणि यंत्राला ते सहज ओळखता येत नाहीत. मॅनेजरचा आणखी एक फायदा फारसा सांगितला जात नाही. तो पासवर्ड ठरलेल्या संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधून ठेवतो, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर तो पासवर्ड आपोआप भरत नाही. नेहमी भरला जाणारा रकाना एखाद्या दिवशी रिकामा राहिला, तर हाताने पासवर्ड लिहायला घेण्यापूर्वी पत्ता पुन्हा वाचावा.

दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलण्याची सक्ती अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत अशी ठरावीक मुदतीची सक्ती करू नये, पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच तो बदलायला लावावा, असे स्पष्ट म्हटले आहे. सक्तीमुळे लोक जुन्याच पासवर्डच्या शेवटचा आकडा एकाने वाढवतात, एवढेच साध्य होते. आपल्या विद्यापीठात तो नियम असेल तर वाद घालण्यात वेळ न घालवता दर वेळी मॅनेजरकडून नवा पासवर्ड बनवून घ्यावा.

यानंतर द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डबरोबर ओळखीचा दुसरा पुरावाही मागण्याची सोय, सुरू करावी. सिक्युरिटी की (संगणकाला जोडायचे छोटे उपकरण) किंवा पासकी (फोनमध्ये वा संगणकात साठवलेली, पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली) उपलब्ध असेल तर ती सर्वांत चांगली, कारण ती खऱ्या संकेतस्थळाशीच जोडलेली असते आणि खोट्या पानाला उत्तरच देत नाही. त्याखालोखाल मोबाइलमधील, दर काही क्षणांनी नवा कोड दाखवणारे ऑथेंटिकेटर ॲप, आणि दुसरे काहीच नसेल तर एसएमएसने येणारा कोड. ॲपमधील किंवा एसएमएसमधील सहा आकडी कोड खोट्या पानावर भरला तर हल्लेखोर तो त्याच क्षणी खऱ्या पानावर वापरू शकतो. त्यामुळे कोड मागितला म्हणजे पान खरेच असणार, असे समजू नये. आपण लॉगिन करत नसताना मोबाइलवर 'मंजूर करा' असा संदेश आला, तर आपला पासवर्ड आधीच कोणाच्या तरी हाती आहे, असा त्याचा अर्थ होतो. तो नाकारावा आणि लगेच पासवर्ड बदलावा. असे संदेश मध्यरात्री एकामागून एक पाठवून झोपमोडीला कंटाळलेल्या माणसाकडून मंजुरी मिळवणे हा हल्लेखोरांचा ठरलेला डाव आहे. मोबाइल हरवला तर वापरायचे रिकव्हरी कोड कागदावर छापून घरी ठेवावेत आणि शक्य असेल तर पडताळणीसाठी दुसरे उपकरणही नोंदवावे. हे काम परिषदेसाठी प्रवासाला निघण्यापूर्वी करावे, पोहोचल्यावर नव्हे.

खात्याविषयीची शेवटची गोष्ट जरा अवघड आहे, कारण ती अधिकाराच्या उतरंडीशी निगडित आहे. विभागप्रमुखाने आपला पासवर्ड कार्यालयीन सहायकाला देणे, मार्गदर्शकाने संशोधक विद्यार्थ्याला आपल्या खात्यातून अहवाल भरायला सांगणे, प्रयोगशाळेत सर्वांनी एकच खाते वापरणे, हे प्रकार सर्रास चालतात आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. मात्र एखादी नोंद बदलली गेली किंवा एखादा ईमेल गेला, तर तो कोणी पाठवला हे नंतर सिद्ध करता येत नाही, आणि संशय बहुधा कनिष्ठ व्यक्तीवर येतो. बहुतेक ईमेल यंत्रणांत एखाद्या सहकाऱ्याला त्याच्या स्वतःच्या लॉगिनने आपला इनबॉक्स पाहण्याची किंवा आपल्या वतीने उत्तर देण्याची परवानगी देता येते. ती सोय संगणक केंद्राकडून सुरू करून घ्यावी. विभागासाठी स्वतंत्र सामायिक ईमेल पत्ता मागून घेणेही सोपे असते.

दुसरी पायरी: आलेला ईमेल वाचणे

खोटा ईमेल शुद्धलेखनाच्या चुकांवरून ओळखावा, असे पूर्वी सांगत. आता यंत्राकडून कोणत्याही भाषेत निर्दोष मजकूर लिहून घेता येतो, त्यामुळे ही कसोटी सोडून द्यावी. भाषेपेक्षा मागणीकडे पाहावे: हा ईमेल मला काय करायला सांगत आहे? पासवर्ड भरणे, फाइल चालवणे, पैसे किंवा बँक खात्याचा तपशील देणे, कोड सांगणे, एखाद्या ॲपला परवानगी देणे, यांपैकी काहीही असेल तर ईमेल कितीही ओळखीचा वाटला तरी तेथे थांबावे. मागणी यांपैकी नसेल आणि नुसता मजकूर वाचायचा असेल, तर धोका बराच कमी असतो. मात्र तो शून्य नसतो. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीवरील हल्ल्याची सुरुवात नोव्हेंबर २०१८ मध्ये आलेल्या ज्या ईमेलने झाली, तो केवळ प्रीव्ह्यूमध्ये पाहिला गेला होता; कोणी लिंक दाबली नव्हती आणि फाइलही उतरवली नव्हती, असे त्या विद्यापीठाने २०१९ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे. स्वतःच्या अपयशाची इतकी तपशीलवार कबुली संस्था क्वचितच देतात.

पाठवणाऱ्याचे नाव कोणीही काहीही लिहू शकतो, म्हणून नावामागचा पूर्ण पत्ता उघडून पाहावा. मोबाइलवर बहुधा फक्त नावच दिसते. नावावर बोट ठेवल्यावर पत्ता उघडतो. लिंकच्या बाबतीत, ती दाबण्यापूर्वी संगणकावर माउस तिच्यावर नेऊन आणि मोबाइलवर ती दाबून धरून खरा पत्ता पाहावा. पत्ता वाचताना दुहेरी तिरप्या रेघेनंतरचा आणि पुढच्या एकेरी तिरप्या रेघेआधीचा भाग घ्यावा आणि तो शेवटाकडून वाचावा. समजा, विद्यापीठाचा खरा पत्ता 'विद्यापीठ.एज्यु' असा आहे. मग 'लॉगिन.विद्यापीठ.एज्यु' हे पान विद्यापीठाचेच आहे, परंतु 'विद्यापीठ.एज्यु.खातेतपासणी.कॉम' हे पान 'खातेतपासणी.कॉम' विकत घेणाऱ्याचे आहे, सुरुवातीला विद्यापीठाचे नाव कितीही ठळक दिसो. पत्त्यापुढचे कुलूप पाहून निश्चिंत होऊ नये. आपण आणि ते पान यांच्यामधील मजकूर वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढेच ते सांगते. पान कोणाचे आहे, हे त्यावरून कळत नाही. क्यूआर कोड हीसुद्धा लिंकच आहे, फक्त ती वाचता येत नाही. ईमेलमधून किंवा सूचनाफलकावरील अनामिक चिठ्ठीवरून स्कॅन केलेल्या कोडच्या पानावर विद्यापीठाचा पासवर्ड भरू नये.

याहून सोपी आणि अधिक भरवशाची सवय म्हणजे लॉगिनसाठी ईमेलमधील लिंक मुळीच न वापरणे. 'ग्रंथालयाच्या खात्याची मुदत संपत आहे', 'मेलबॉक्स भरला आहे', 'गुणपत्रक उपलब्ध आहे', 'पगाराची पावती पाहा' असा ईमेल आला की ब्राउझरमध्ये आधीच जतन केलेल्या बुकमार्कवरून संबंधित पान उघडावे. सूचना खरी असेल तर ती तेथेही दिसेल. ग्रंथालय, ईमेल, परीक्षा प्रणाली आणि वेतन प्रणाली यांचे बुकमार्क एकदा करून ठेवले की पत्ता पारखण्याची वेळच क्वचित येते.

जोडलेल्या फाइलींबाबत विद्यापीठातील माणसाला 'उघडू नका' असे सांगून भागत नाही, तेव्हा त्या कशा उघडाव्यात हे पाहू. शोधनिबंध, बायोडेटा किंवा प्रस्ताव आधी ईमेलच्याच ब्राउझरमधील दर्शकात पाहावा. त्यासाठी फाइल आपल्या संगणकावर उतरवून चालवावी लागत नाही. वर्ड किंवा एक्सेल फाइल संगणकावर उघडलीच तर ती संरक्षित दृश्यात (प्रोटेक्टेड व्ह्यू) राहू द्यावी, आणि मॅक्रो (फाइलमध्येच दडलेला छोटा प्रोग्रॅम) किंवा 'मजकूर सक्रिय करा' अशा बटणाला हात लावू नये. इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींमधील मॅक्रो मूळ सेटिंगमध्येच अडवण्यास मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये सुरुवात केली, तेव्हापासून हल्लेखोर पासवर्डबंद झिप, आयएसओ (डिस्कची प्रत) आणि एचटीएमएल (वेबपान) फाइलींकडे अधिक वळले. ज्या झिप फाइलीचा पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहिला आहे, ती गोपनीयतेसाठी बंद केलेली नसते. विषाणू शोधणाऱ्या यंत्रणेला आत डोकावता येऊ नये, हा तिचा हेतू असण्याची शक्यता मोठी असते. एचटीएमएल फाइल उघडल्यावर लॉगिनचे पान दिसले तर ते बंद करावे. खरा शोधनिबंध पासवर्ड मागत नाही. विंडोजमध्ये फाइलींच्या नावांचे शेवटचे प्रत्यय दिसू देण्याची सेटिंग सुरू करावी, म्हणजे 'प्रबंध.पीडीएफ.ईएक्सई' अशी फाइल पीडीएफ म्हणून खपणार नाही.

एक प्रकार पासवर्ड न मागताच खाते हाती घेतो. 'कागदपत्र पाहण्यासाठी या ॲपला आपला ईमेल वाचण्याची परवानगी द्या' असे गूगल किंवा मायक्रोसॉफ्टचे खरेखुरे पान उघडते, पत्ता खरा असतो, कुलूप खरे असते, आणि परवानगी दिली की पासवर्ड बदलल्यावरही त्या ॲपचा शिरकाव चालू राहू शकतो. खात्याच्या सुरक्षा पानावर जोडलेल्या ॲपची यादी असते. ती प्रत्येक सत्राच्या आरंभी उघडून अनोळखी नावे काढून टाकावीत.

तिसरी पायरी: पैसे आणि अधिकार यांची दुसऱ्या मार्गाने खात्री

विभागप्रमुखाच्या नावाने 'बैठकीत आहे, फोन घेता येणार नाही, एक तातडीचे काम आहे' असा दोन ओळींचा ईमेल येतो. उत्तर दिले की गिफ्ट कार्डे खरेदी करून त्यांचे क्रमांक पाठवण्याची विनंती होते. कनिष्ठ सहकारी आणि नवे संशोधक विद्यार्थी यात अधिक सापडतात, कारण वरिष्ठांना उलट प्रश्न विचारणे त्यांना उद्धटपणाचे वाटते. याच्या पुढची आवृत्ती वेतन विभागाकडे जाते: एखाद्या प्राध्यापकाच्या नावाने 'माझे बँक खाते बदलले आहे, पुढचा पगार या खात्यात जमा करावा' असे कळवले जाते. विद्यार्थ्यांच्या वाट्याला घरबसल्या नोकरीचे प्रस्ताव येतात, ज्यांत आधी आपल्या खात्यात पैसे जमा होतात आणि त्यातील काही भाग पुढे पाठवायला सांगितले जाते. ते पैसे चोरीचे असतात आणि शोध घेणारे प्रथम त्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतात.

या सर्वांवर उपाय एकच: ज्या मार्गाने मागणी आली त्याच मार्गाने खात्री करू नये. ईमेलला उत्तर देऊन 'हे तुम्हीच ना?' असे विचारण्याला अर्थ नाही, आणि ईमेलमध्येच दिलेल्या क्रमांकावर फोन करण्यालाही नाही. विद्यापीठाच्या दूरध्वनी यादीतील किंवा आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर बोलावे, अथवा प्रत्यक्ष खोलीत जाऊन विचारावे. ओळखीचा आवाज ऐकू आला तरी समोरूनच आलेल्या फोनवर विसंबू नये. आवाजाची नक्कल आता करता येते. विभागप्रमुखांनी वर्षारंभीच्या बैठकीत 'माझ्या नावाने पैशांची मागणी आली तर मला खुशाल फोन करा, कोणाला राग येणार नाही' असे एकदा सर्वांसमोर सांगितले, तर कनिष्ठांचा संकोच बराचसा जातो. माझ्या मते कोणत्याही महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा हे एक वाक्य जास्त काम करते.

चौथी पायरी: ईमेल पाठवणे

बाहेरच्या चोराने काहीही न करता आपणच माहिती सांडतो, असेही घडते. शंभर विद्यार्थ्यांना एकाच वेळी लिहिताना पत्ते बीसीसी या गुप्त प्रतीच्या रकान्यात घालावेत, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. याहून चांगले म्हणजे विद्यापीठाची अध्यापन प्रणाली किंवा मेलिंग लिस्ट वापरावी. गुणांची एक्सेल फाइल पाठवताना लपवलेले रकाने आणि इतर पाने फाइलमध्ये तशीच असतात, हे विसरू नये. लागणाऱ्या नोंदी नव्या फाइलमध्ये उतरवून तीच पाठवावी. विद्यार्थ्यांचे वैयक्तिक तपशील असलेली फाइल जोडण्यापेक्षा विद्यापीठाच्या सामायिक फोल्डरची, ठरावीक व्यक्तींनाच उघडेल अशी लिंक द्यावी, कारण चुकीच्या माणसाला गेलेली लिंक बंद करता येते, गेलेली फाइल परत घेता येत नाही. पत्त्याची पहिली दोन अक्षरे लिहिताच ईमेल प्रणाली नाव सुचवते आणि समान नावाची दोन माणसे असली की घात होतो. पाठवलेला ईमेल काही सेकंद रोखून धरण्याची सेटिंग असते. ती जास्तीत जास्त वेळेवर ठेवावी.

विद्यापीठाचा सारा ईमेल वैयक्तिक खात्याकडे आपोआप वळवण्याचा मोह टाळावा. त्यात विद्यार्थ्यांची माहिती विद्यापीठाच्या नियंत्रणाबाहेर जाते आणि काही हरवले तर संगणक केंद्राला मदत करता येत नाही.

पाचवी पायरी: संगणक, प्रयोगशाळा आणि व्याख्यानगृह

अपडेट पुढे ढकलू नयेत. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने विंडोजमधील ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दिली होती. बळी पडलेल्यांत विद्यापीठेही होती. विंडोज १० साठीचा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा त्यावर चालणाऱ्या संगणकांचे काय करायचे हे संगणक केंद्राला विचारावे. रोजचे काम प्रशासकीय अधिकार नसलेल्या खात्यातून करावे. लॅपटॉपची डिस्क बिटलॉकर (विंडोज) किंवा फाइलव्हॉल्टने (मॅक) एन्क्रिप्ट करावी, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी करावी, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तरी त्यातील उत्तरपत्रिका आणि मुलाखतींची ध्वनिमुद्रणे वाचता येणार नाहीत. क्रॅक केलेली सांख्यिकीय सॉफ्टवेअरे संशोधक विद्यार्थ्यांत हातोहात फिरतात, आणि जतन केलेले पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम त्यांतूनच येतात. विद्यापीठाच्या परवान्यावर ते सॉफ्टवेअर मिळते का, हे आधी पाहावे. नसेल तर बहुतेक कामे 'आर' किंवा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषांनी विनामूल्य होतात.

प्रयोगशाळेतील उपकरणांना जोडलेले संगणक हा वेगळाच प्रश्न आहे. लाखमोलाचे यंत्र ज्या जुन्या विंडोजवर चालते, ती बदलली तर उत्पादकाचे सॉफ्टवेअर चालत नाही, आणि म्हणून तो संगणक वर्षानुवर्षे अपडेटविना राहतो. असा संगणक इंटरनेटपासून तोडावा. त्यावर ईमेल आणि ब्राउझर वापरू नये, आणि मोजमापांच्या फाइली बाहेर काढण्यासाठी संगणक केंद्राकडून स्वतंत्र, मर्यादित मार्ग बांधून घ्यावा. पेन ड्राइव्हने फाइली नेण्याची पद्धत असेल तर तो ड्राइव्ह त्याच एका कामासाठी राखून ठेवावा. सापडलेला पेन ड्राइव्ह मालक शोधण्याच्या सद्हेतूनेसुद्धा जोडू नये. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन परिसरात संशोधकांनी २९७ पेन ड्राइव्ह मुद्दाम टाकून ठेवले होते, त्यांपैकी ४५ टक्के ड्राइव्हवरील फाइल कोणी ना कोणी उघडली. सापडलेली वस्तू सुरक्षा कक्षात द्यावी.

व्याख्यानगृहातील संगणकावर व्याख्यानाची फाइल काढण्यासाठी घाईत ईमेल उघडला जातो, प्रश्नोत्तरे लांबतात, आणि पुढच्या तासिकेचा वक्ता येतो तेव्हा मागच्याचा इनबॉक्स उघडाच असतो. खाजगी विंडोत लॉगिन करावे आणि जाण्यापूर्वी ती बंद करावी. शक्यतो स्वतःचा लॅपटॉप जोडावा. प्रोजेक्टर सुरू करण्यापूर्वी सूचना बंद कराव्यात, नाहीतर पडताळणीचा कोड साऱ्या वर्गाला वाचायला मिळतो.

वाय-फायबद्दल थोडक्यात. अनेक देशांतील विद्यापीठांत चालणारे 'एड्युरोम' वापरत असाल तर विद्यापीठाने दिलेल्या अधिकृत इन्स्टॉलरनेच ते जोडावे. हाताने जोडताना 'प्रमाणपत्र तपासू नका' (म्हणजे नेटवर्क खरे आहे का, हे पाहू नका) हा पर्याय निवडला, तर त्याच नावाचे खोटे नेटवर्क उभारणाऱ्याला आपली लॉगिन माहिती मिळू शकते.

सहावी पायरी: कामाच्या प्रती

प्रबंधाची फाइल क्लाउड फोल्डरमध्ये असली की बॅकअप झाला, असा समज आहे. तसे नाही. तो फोल्डर बदल जसेच्या तसे उचलतो. फाइल पुसली किंवा विषाणूने बिघडवली की बिघडलेली प्रतच सर्वत्र जाते, आणि जुन्या आवृत्त्या मर्यादित काळच राहतात. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक वेगळ्या ठिकाणी, हा जुना नियम अजूनही उत्तम आहे. त्यात एवढीच भर घालावी की एक प्रत संगणकाशी कायम जोडलेली नसावी. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठात डिसेंबर २०१९ मध्ये खंडणीखोर हल्ल्यात २६७ सर्व्हर कुलूपबंद झाले, तेव्हा काही महत्त्वाच्या यंत्रणांच्या बॅकअप प्रतीही त्याच नेटवर्कवर असल्याने अडकल्या, आणि विद्यापीठाला ३० बिटकॉइन खंडणी द्यावी लागली. हल्लेखोर नसतानाही डेटा जातो: डिसेंबर २०२१ मध्ये क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावरील सुमारे ७७ टेराबाइट संशोधन डेटा बॅकअपच्याच प्रोग्रॅममधील चुकीमुळे पुसला गेला. म्हणून महिन्यातून एकदा बॅकअपमधील एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहावी.

सातवी पायरी: चूक घडल्यावर

खोट्या पानावर पासवर्ड भरला गेला, तर पहिला तास महत्त्वाचा असतो आणि क्रमही महत्त्वाचा असतो. आधी दुसऱ्या, निर्धोक उपकरणावरून पासवर्ड बदलावा आणि 'सर्व उपकरणांवरून लॉग आउट' करावे. लगेच संगणक केंद्राला फोन करावा. ईमेल करू नये, कारण तो खात्यात शिरलेला माणूसही वाचत असू शकतो. मग सेटिंगमध्ये जाऊन ईमेल परस्पर पुढे पाठवणारे किंवा ठरावीक शब्दांचे ईमेल लपवणारे नियम, रिकव्हरी क्रमांक, पडताळणीची उपकरणे आणि जोडलेली ॲप तपासावीत. सहकाऱ्यांची 'हा ईमेल तूच पाठवलास का?' अशी उत्तरे मालकाच्या नजरेस पडू नयेत म्हणून हल्लेखोर बहुधा असा नियम आधी बनवतो. एखादी फाइल चालवली गेली असेल तर संगणकाचे वाय-फाय आणि केबल काढावी, पण तो बंद करू नये, कारण तपासाला लागणाऱ्या काही खुणा फक्त चालू स्मृतीत असतात. मूळ ईमेलही पुसू नये. बँकेचा तपशील दिला असेल तर बँकेला फोन करण्यासाठी कोणाच्याही परवानगीची वाट पाहू नये.

मास्ट्रिख्टमध्ये ज्या ईमेलने हल्लेखोर आत शिरले, ते ऑक्टोबरच्या मध्यावर उघडले गेले होते आणि सर्व्हर कुलूपबंद झाले २३ डिसेंबरला. मधल्या दोन महिन्यांत वेळेवर आलेल्या एका फोनने बरेच काही वाचू शकले असते. काहीच घडलेले दिसत नाही म्हणून गप्प बसणे त्यामुळेच महागात पडते. ज्या विभागात चूक कळवणाऱ्याला सर्वांसमोर बोल लावला जातो, तेथे पुढची चूक कळवली जात नाही, हे वरिष्ठांनी ध्यानात घ्यावे.

आठवी पायरी: विद्यापीठ सोडताना

पदवी मिळाल्यावर किंवा नोकरी बदलल्यावर खाते बंद होण्याची तारीख लेखी विचारून घ्यावी आणि त्याआधी निदान एक महिना कामाला लागावे. ऑर्किड (संशोधकांची ओळखक्रमांक नोंदणी), गिटहब (प्रोग्रॅम साठवण्याचे संकेतस्थळ), नियतकालिकांची खाती, बँक आणि क्लाउड साठवण यांपैकी जिथे जिथे विद्यापीठाचा पत्ता दिला आहे, तिथे वैयक्तिक पत्ता नोंदवावा. बंद झालेल्या पत्त्यावर पासवर्ड बदलाची लिंक येत नाही, आणि तोच पत्ता पुढे दुसऱ्या कोणाला दिला गेला तर ती लिंक त्याच्याकडे जाते. शोधनिबंधावर संपर्क लेखक म्हणून जुना पत्ता छापलेला असेल तर स्वयंचलित उत्तरात नवा पत्ता ठेवण्याची मुभा मागावी. संशोधनाचा डेटा कोणाचा आणि त्याची प्रत नेता येते का, हे मार्गदर्शकाशी बोलून ठरवावे, गुपचूप कॉपी करू नये. सामायिक फोल्डरची मालकी सहकाऱ्याच्या नावावर करावी, कारण मालकाचे खाते गेले की पुष्कळदा फोल्डरही जातो. विद्यापीठाचा लॅपटॉप परत करताना ब्राउझरमधील जतन केलेले पासवर्ड आणि वैयक्तिक खाती काढून टाकावीत, डिस्क एन्क्रिप्शनची रिकव्हरी की संगणक केंद्राकडे असल्याची खात्री करावी आणि लॅपटॉप जमा केल्याची सही असलेली पावती घ्यावी.